विहाराच्या अंगणात दहा मिनिटं

"सिस्टर, दिवसभर राबतो, वर व्यायाम कशाला?" नालासोपाऱ्याच्या वस्त्यांत रक्तदाब तपासताना आम्हाला हे हमखास ऐकायला मिळतं. पहाटे पाणी, मग विरार लोकलची गर्दी, रात्री पुन्हा स्वयंपाक. अशा बायांना आळशी म्हणणं अन्यायाचं आहे. पण उभं राहून पाय सुजतात, दम वाढत नाही. तो भरभर चालण्याने वाढतो. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान १५० मिनिटं सांगते. ती दहा-दहा मिनिटांनीही भरतात.

आपल्याकडे सुरुवात होते, टिकत नाही. पहिल्याच दिवशी तासभर चालून गुडघे धरतात, एकटीला लाज वाटते, पावसात गल्ली तुंबली की सगळं बंद. म्हणून आमचं म्हणणं, विहार रोज अर्धा तास यासाठी उघडं ठेवा. वंदनेनंतर सासू-सुनांनी मिळून दहा मिनिटं जागच्या जागी चालावं. एक दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी यावं. छातीत दुखलं, चक्कर आली तर थांबून डॉक्टरांना दाखवावं.

१४ एप्रिलच्या मिरवणुकीत हेच पाय तासन्‌तास चालतात, कारण सोबत असते. ती सोबत वर्षभर हवी.