हा सत्यशोधकांचा मार्ग नव्हे!



30 जानेवारी 1948 रोजी सायंकाळी दिल्लीस बिर्ला भवनात प्रार्थनेस निघालेल्या महात्मा गांधींवर नथुराम गोडसे याने गोळ्या झाडल्या. खुनी पुण्याचा व जातीने ब्राह्मण, हे कळताच पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर या भागांत ब्राह्मणांची घरे पेटली. कोल्हापुरात भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जळाला. ज्या पोराबाळांनी गोडशाचे नावही कधी ऐकले नव्हते, ती उघड्यावर आली.

या आगीस कित्येक जण अजूनही ‘बहुजनांचा संताप’ म्हणून मिरवितात. त्यांस आमचा रोकडा सवाल आहे : संताप खुनाचा होता, तर कर्जरोखे कशासाठी जाळले? घरातली भांडीकुंडी कशासाठी उचलली? सावकारी जाचत होती, हे आम्ही नाकारीत नाही. पण ते दुखणे निराळे. ज्याने जन्मभर अहिंसा शिकविली, त्याच्या चितेवरून त्यासाठी पलिता पेटवून आणावयाचा?

आम्ही भिक्षुकशाहीचे वैरी आहो व राहू. जन्मावरून एक श्रेष्ठ व दुसरा नीच, हे शास्त्र आम्हांस मान्य नाही. परंतु एकाच्या पापाचा दंड साऱ्या जातीच्या माथी मारणे, हाही जन्मावरूनच केलेला न्याय होय! मग मनुस्मृतीत व आपल्यात फरक तो काय उरला?

ज्योतीरावांकडे पाहा. भटशाहीवर त्यांच्याइतके कोरडे कोणी ओढले? तरी 1848 साली त्यांची मुलींची शाळा भरली ती भिड्यांच्या वाड्यात, आणि त्यांनी दत्तक घेतला तो ब्राह्मण विधवेचा मुलगा यशवंत.

बरे, आगीने मिळविले काय? गोडसे व आपटे यांस न्यायालयाने शिक्षा दिली; 15 नोव्हेंबर 1949 रोजी ते अंबाल्याच्या तुरुंगात फाशी गेले. तो न्याय आगीमुळे एक दिवसही लवकर आला नाही. कुळांस जमिनी मिळाल्या त्या 1948 च्या कुळकायद्याने व 1 एप्रिल 1957 च्या कृषकदिनाने, पलित्याने नव्हे.

त्या दिवसांत ज्या बहुजन घरांनी शेजारच्या ब्राह्मणाची पोरे आपल्या माजघरात लपविली, त्यांची नावे कोठे छापली नाहीत. खरे सत्यशोधक तेच. जात पाहून जो घर पेटवितो, तो जात मोडीत नाही. तो तिला खतपाणीच घालतो.

— एक खेडवळ शाळामास्तर