खंड दिसला पाहिजे

कन्नड तालुक्यात यंदाचा पाऊस कसा झाला असं विचारलं, तर शेतकरी मिलिमीटर सांगत नाही. मृग कोरडा गेला, आर्द्रात पेरण्या उरकल्या, मघांनी मका तारली, असं सांगतो. मृग 7-8 जूनला लागतो, आर्द्रा 22 जूनच्या सुमारास, मघा 17 ऑगस्टच्या आसपास. पावसाची ही नक्षत्रं सूर्यावर बसलेली, म्हणून इंग्रजी तारखेला ती दरवर्षी जवळपास तिथंच येतात. तारखांची पट्टी त्याच्या डोक्यात आधीच आखलेली असते.

आपण संगणकावर आलेख काढायला बसतो आणि नेमकी तीच पट्टी विस्कटतो. सांख्यिकीसाठी वापरल्या जाणाऱ्या ‘आर’ भाषेत फाइलमधली तारीख सहसा साधा मजकूर म्हणून शिरते. मग अक्षावर तारखा अक्षरांच्या क्रमाने लागतात: 01/06 च्या शेजारी 01/07, त्याच्या शेजारी 01/08. जून, जुलै, ऑगस्टची पहिली तारीख एका ओळीत! बरं, तारखेत रूपांतर करताना ‘आधी दिवस, मग महिना, मग वर्ष’ हा साचा दिला नाही, तर 01/06/2023 ची इसवी सन 1 मधली 20 जून होते, आणि इशाराही मिळत नाही. साचा नीट दिला की ‘आर’ तीच तारीख 1 जानेवारी 1970 पासूनचे दिवस मोजून ठेवते. 1 जून 2023 म्हणजे 19509. आता दोन तारखांमधलं अंतर खरं अंतर झालं.

हे अंतरच महत्त्वाचं. ऑगस्ट 2023 हा देशातला 1901 पासूनचा सर्वात कोरडा ऑगस्ट. त्या खरिपात पीकविम्याच्या 25 टक्के अग्रिमासाठी पावसात 21 दिवसांहून जास्त खंड हा निकष चर्चेत होता. खंड महिन्याची हद्द पाळत नाही. जुलैच्या अखेरीस सुरू होऊन ऑगस्टमध्ये संपला, तर महिन्यांच्या बेरजेत तो दोन तुकडे होऊन हरवतो. फाइलमध्ये फक्त पावसाचेच दिवस लिहिलेले असले आणि तारीख मजकूर राहिली, तर कोरडे दिवस अक्षावरून गायबच होतात. बिंदू रेघेने जोडले, तर त्या कोरड्या दिवसांवर पाऊस पडल्यासारखी तिरपी रेघ ओढली जाते. म्हणून पावसाला रेघ नको, उभे स्तंभ हवेत. आणि शून्य पाऊस निराळा, नोंदच नसणं निराळं. पाऊस मोजणारं यंत्र बंद होतं त्या दिवशी शून्य लिहिणं मला तरी शेतकऱ्यावर अन्याय वाटतो.

आणखी एक गाठ आहे. हवामान विभाग सकाळी साडेआठला मागच्या 24 तासांचा पाऊस मोजून त्याच दिवसाच्या नावावर लावतो. 30 ऑगस्ट 2021 च्या रात्री मोठा पाऊस झाला, कन्नड घाटात दरडी कोसळल्या, चाळीसगावकडे पूर आला. त्या रात्रीचा पाऊस नोंदीत मात्र 31 तारखेला सापडतो. घटनेची तारीख आणि नोंदीची तारीख एकाच आलेखावर ठेवायची असेल, तर हा एका दिवसाचा फरक अक्षाखाली लिहून ठेवावा लागतो.

तालुक्यातल्या पिशोर, चापानेर, देवगाव रंगारी अशा प्रत्येक महसूल मंडळाचा असा आलेख काढावा, सगळ्यांचा अक्ष 1 जून ते 30 सप्टेंबर एकच ठेवावा. आणि अक्षावर महिन्यांच्या नावांबरोबर उभ्या फिक्या रेघांनी मृग, आर्द्रा, मघा, पूर्वाही लिहावीत. ‘आर’ला त्यासाठी फक्त त्या तारखा द्याव्या लागतात, आणि त्या गावात कुणालाही विचारता येतात.