चाळीस वह्या, एकच चूक

बी. एस्सी.च्या पहिल्या वर्षाच्या गणिताच्या वह्या तपासायला घेतल्या की पाचव्या-सहाव्या वहीपाशी एक गंमत दिसू लागते. चौथ्या उदाहरणाच्या तिसऱ्या ओळीत कोसाइनचा डेरिव्हेटिव्ह घेताना उणे चिन्ह हरवलेले असते. ते सहाव्या वहीत हरवलेले असते, अकराव्या वहीत असते, तिसाव्यातही असते. शेवटचे उत्तर मात्र सर्वत्र बरोबर! हरवलेले चिन्ह पुस्तकाच्या मागच्या पानावरचे उत्तर पाहून कोणीतरी शेवटच्या ओळीत गुपचूप आणून बसवलेले असते. मूळ वही एकच, बाकीच्या सगळ्या तिच्या लेकी. पूर्वी ही वही वसतिगृहात एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जात असे. आता तिचे फोटो रात्री साडेअकराला मोबाईलवरून फिरतात, इतकाच काळाचा फरक.

नक्कल करणे वाईट, हे सांगण्यासाठी हा लेख नाही. ते पुष्कळांनी सांगून झाले आहे आणि ऐकणाऱ्यांनी ऐकून सोडूनही दिले आहे. शिवाय विद्यार्थ्याच्या बाजूनेही थोडे पाहायला हवे. अंतर्गत गुणांसाठी गृहपाठ ‘द्यायचा’ असतो. बरोबर असला तर गुण, चुकला तर गुण कमी. वही परत मिळते ती परीक्षा होऊन गेल्यावर, आणि पुष्कळदा तिच्यावर एक लाल खूण आणि सही यापलीकडे काही नसते. अशा व्यवस्थेत स्वतःची चूक करण्यापेक्षा दुसऱ्याचे बरोबर उत्तर उतरवणे हाच व्यवहारी शहाणपणा ठरतो, आणि आमच्या विद्यार्थ्यांना व्यवहार उत्तम कळतो.

परंतु कॅल्क्युलसमध्ये हा व्यवहार फार महाग पडतो, आणि त्याचे कारण त्या विषयाच्या बांधणीतच आहे. इतिहास विभागातील मित्रांची क्षमा मागून म्हणतो, पानिपतचे प्रकरण न वाचता १८५७ वरच्या प्रश्नाचे उत्तर बऱ्यापैकी लिहिता येते. कॅल्क्युलसमध्ये तसे चालत नाही. दोन फलांच्या गुणाकाराचा डेरिव्हेटिव्ह कसा काढायचा, हा नियम घ्या. तोच पुन्हा पुन्हा लावला की लाइब्निट्झचे प्रमेय येते. तोच उलटा फिरवला की ‘इंटिग्रेशन बाय पार्ट्‌स’ होते. आणि ते पुन्हा पुन्हा वापरले की रिडक्शन फॉर्म्युले हाती येतात, ज्यांच्या नुसत्या नावाने मुले घाबरतात. म्हणजे पहिल्या महिन्यात ज्याने या नियमाची पाच उदाहरणे स्वतःच्या हाताने केली नाहीत, त्याची अडचण तिथेच संपत नाही. ती प्रत्येक प्रकरणात नवे नाव घेऊन त्याच्यापुढे उभी राहते, आणि दर वेळी त्याला वाटते की हे काहीतरी नवेच अवघड आले. सत्र संपता संपता तो म्हणू लागतो, ‘सर, माझे गणिताचे डोकेच नाही.’

डोक्याचा इथे काही संबंध नाही. गुणाकाराच्या नियमाचीच हकीकत पाहावी. दोन फलांचे डेरिव्हेटिव्ह वेगवेगळे काढून त्यांचा गुणाकार केला की झाले, असे नवख्या माणसाला हमखास वाटते. वाटणे स्वाभाविक आहे. बेरजेला तसेच चालते, मग गुणाकाराला का चालू नये? हाच प्रश्न प्रत्यक्ष लाइब्निट्झला पडला होता. ११ नोव्हेंबर १६७५ च्या त्याच्या टिपणात तो मांडलेला आहे, आणि उदाहरण करून पाहिल्यावर ते जुळत नाही, असे त्याला आढळले. खरा नियम त्याला त्यानंतर सापडला, आणि त्याचा कॅल्क्युलसवरचा पहिला निबंध छापून आला तो १६८४ साली. आपणही पडताळा घ्यावा, दोन ओळींचे काम आहे. क्ष गुणिले क्ष म्हणजे क्षचा वर्ग. त्याचा डेरिव्हेटिव्ह २क्ष. पण दोन्ही क्षचे डेरिव्हेटिव्ह वेगळे काढून गुणले तर उत्तर येते १. ज्याने ही चूक स्वतः केली आणि स्वतः पकडली, त्याला तो नियम जन्मात विसरता येत नाही. ज्याने नियम उतरवून घेतला, त्याच्याकडे फक्त एक सूत्र असते, आणि सूत्रे परीक्षेच्या सभागृहात विसरण्यासाठीच पाठ केलेली असतात. पी. यू. सी.त ही सारी सूत्रे आमच्या मुलांनी पाठ केलेली असतात, म्हणून तर पहिल्या वर्षी ती आम्हाला तयारीची वाटतात.

दुसरे कारण भाषेचे सांगितले जाते. दहावीपर्यंत मराठी माध्यम, पुढे एकदम इंग्रजी; त्यामुळे मुलगा मागे पडतो. यात तथ्य आहे. बाळशास्त्री जांभेकरांनी एकोणिसाव्या शतकात ‘शून्यलब्धिगणित’ मराठीत लिहिले; आज त्या नावाचा अर्थ सांगा म्हटले तर गणिताचे पदवीधरही गोंधळतील. पण कन्नड माध्यमातून आलेल्या मुलाची अडचण रेसभरही निराळी नाही, हे आपल्या वर्गात कोणीही पाहू शकतो. खानापूरचा मराठी मुलगा आणि बैलहोंगलचा कन्नड मुलगा एकाच ‘लेट एप्सिलॉन बी गिव्हन’पाशी अडतात. फरक एवढाच, की ते एकमेकांना विचारत नाहीत. पहिल्या बाकांवर एक भाषा, मागच्या बाकांवर दुसरी, असा वर्ग आपोआप वाटला जातो.

या संदर्भात अमेरिकेतील एक अभ्यास मला फार महत्त्वाचा वाटतो. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात १९७० च्या दशकात उरी ट्राइस्मन नावाच्या तरुण गणितज्ञाला दिसले की कॅल्क्युलसच्या पहिल्याच वर्गात कृष्णवर्णीय विद्यार्थी मोठ्या प्रमाणात नापास होतात आणि चिनी वंशाचे विद्यार्थी मात्र चमकतात. प्राध्यापकांना कारणे विचारली तेव्हा उत्तरे तयारच होती : मुलांना जिद्द नाही, पाया कच्चा, घरचे लक्ष देत नाहीत, गरिबी. (ही यादी ऐकून आपल्या स्टाफ-रूमची आठवण झाली नाही, असा प्राध्यापक विरळा.) ट्राइस्मन यादीवर थांबले नाहीत. दोन्ही गटांतले वीस-वीस विद्यार्थी घेऊन, ते अभ्यास कसा करतात हे त्यांच्यात मिसळून पाहिले. तयार कारणे एकेक करून गळून पडली. घरचे लोक जिवापाड मागे उभे होते. शाळेत पहिली आलेली मुलेही नापास होत होती.

फरक सापडला तो संध्याकाळच्या वेळात. कृष्णवर्णीय विद्यार्थी सांगितलेला अभ्यास प्रामाणिकपणे करीत, आठवड्याला सुमारे आठ तास, पण अगदी एकट्याने. उत्तर चुकले तर चूक आपली की पुस्तकाची, इतर मुलेही तिथेच अडली आहेत की आपणच, हे कळायला त्यांना मार्गच नव्हता. चिनी विद्यार्थी चौदा तासांच्या आसपास देत. त्यातले बरेचसे तास ते एकेकटेच बसत. पण मग संध्याकाळी एकत्र येत, जेवण करता करता एकमेकांचे गृहपाठ तपासत, भांडत, जुन्या प्रश्नपत्रिका सोडवत. कोणाला काय येते हे प्रत्येकाला ठाऊक असे. ट्राइस्मननी पुढे अशा एकत्र बसण्यासाठी वर्ग काढले. ‘कच्च्या मुलांचे जादा तास’ असे त्यांचे रूप मुळीच नव्हते. तिथे नेहमीच्या गृहपाठापेक्षा अवघड उदाहरणे दिली जात. निकाल पुष्कळच सुधारले. हा सारा वृत्तांत त्यांनी १९९२ साली प्रसिद्ध केला.

आता आमच्याकडे मुले एकत्र येत नाहीत काय? येतात, खूप येतात. पण ती येतात वही मिळवण्यासाठी. आधी एकट्याने झगडायचे आणि मग एकत्र यायचे, हा क्रम महत्त्वाचा. ज्याने काहीच केलेले नाही त्याच्याशी भांडणार कसे? आजकाल तर मोबाईलवर उदाहरणाचा फोटो काढला की पायऱ्यांसकट उत्तर समोर येते. ते यंत्र वाईट नाही. पण ‘तू असे का केलेस?’ असे ते आपण होऊन विचारीत नाही. शेजारी बसलेला मित्र विचारतो, आणि तो कन्नड माध्यमाचा असेल व आपण मराठी, तर नीट समजावून सांगावेच लागते. समजावून सांगताना आपल्यालाच कुठे कळलेले नाही ते उघडे पडते. ‘लेक्क आतेन?’ एवढे विचारण्यापुरते कन्नड आपल्यापैकी प्रत्येकाला येते. सुरुवात तेवढ्यावरही होईल.

परीक्षेचे दुखणे थोडे निराळे. मराठी घरात गणितात हुशार मुलाला अजून ‘रँग्लर’ म्हणतात, ते रघुनाथ परांजपे यांच्यामुळे. १८९९ साली केंब्रिजच्या ट्रायपॉस परीक्षेत ते एका इंग्रज विद्यार्थ्याबरोबर विभागून पहिले आले. त्यांचे यश थोर यात शंका नाही. पण त्याच परीक्षेत आदल्या वर्षी चौथ्या आलेल्या जी. एच. हार्डी यांना खाजगी शिकवणाऱ्यांकडे युक्त्या घोटण्याचा तो प्रकार इतका नकोसा झाला, की पुढे त्यांनी ती क्रमवारी बंद पाडण्यासाठी खटपट केली. १९०९ नंतर ती लागली नाही. आमच्या परीक्षेला घोड्यांच्या शर्यतीचा तो डौलही नाही. इथे पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका, एक गाइड आणि ‘इम्पॉर्टंट’ म्हणून तारांकित केलेली आठ प्रमेये. रोलचे प्रमेय शब्दशः लिहिणाऱ्या मुलाला त्याचे चित्र काढून दाखव म्हटले तर तो वर्गाबाहेर पाहू लागतो. आम्ही तोच तो प्रश्न विचारतो म्हणून तो तेच ते पाठ करतो. यात त्याला दोष देण्यात अर्थ नाही.

माझी सूचना साधी आहे. गृहपाठाला दर आठवड्याला पाचच उदाहरणे असावीत, त्यांतली दोन खरोखर डोके खाणारी. गुण प्रयत्नाला द्यावेत, उत्तराला नव्हे. चुकलेली ओळ खोडून काढू नये. तिच्यावर एक रेघ मारून खाली दुसऱ्या शाईने दुरुस्ती लिहावी आणि दुरुस्ती कोणी सुचवली त्याचे नाव मोकळेपणाने घालावे. पुढचा गृहपाठ देण्याआधी मागचा परत मिळालाच पाहिजे. चाळीस वह्या दर आठवड्याला ओळीओळीने तपासणे कोणालाच जमणार नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणून आळीपाळीने दहा नीट तपासाव्यात, चाळीसांवर खुणा करीत बसू नये. आणि दर पंधरवड्याला वीस मिनिटांची एक छोटी चाचणी, तीत गृहपाठातलेच एक उदाहरण आकडे बदलून. ज्याने फक्त उतरवले आहे त्याला ते सत्राच्या सुरुवातीलाच, सावरायला वेळ असताना कळेल.

सहकारी म्हणतील, मग पोर्शन संपायचा कसा? पोर्शन आम्ही दर सत्रात संपवतोच. फळ्यावर तो संपतो, वह्यांत संपतो. निम्म्या वर्गाच्या बाबतीत तो सुरूच झालेला नसतो, आणि पुढच्या वर्षी गणित सोडून दुसरे विषय घेणाऱ्यांत हीच मुले असतात. त्यांतली काही बसने दीड तास प्रवास करून येतात. गणित शिकवणारा शिक्षक व्हायचे म्हणून त्यांनी हा विषय घेतलेला असतो.

एकत्र बसण्यासाठी एक खोली, एक मोठा फळा आणि खडू, एवढेच लागेल. चार-चारांचे गट करताना दोन्ही माध्यमांची मुले एका गटात येतील, एवढे पाहावे. अडचण वेळेची आहे. चंदगड आणि खानापूरकडची मुले संध्याकाळी थांबू शकत नाहीत, त्यांची गाडी जाते. मुलींना तर अंधार पडायच्या आत घर गाठायचे असते. तेव्हा दुपारची एक ते दोन हीच वेळ उरते, आणि त्या वेळी पदार्थविज्ञान व रसायनशास्त्राची प्रॅक्टिकल्स असतात. आठवड्यातून एक दिवस, गुरुवार म्हणा, ती तासभर पुढे सरकवता येतील का, हे त्या विभागांच्या प्राध्यापकांनी पुढचे सत्र सुरू होण्यापूर्वी वेळापत्रक घेऊन बसून सांगावे, अशी माझी विनंती आहे.