खोडले तरी दिसले पाहिजे

मुंब्रा-कौसा, भिवंडी, कल्याणमधल्या आपल्या वस्त्यांतून अनेक मुले-मुली बी.कॉम. किंवा टॅलीचा कोर्स करून वागळे इस्टेटमध्ये, डोंबिवली एमआयडीसीत हिशेबाच्या कामाला लागतात. त्यांच्या नोकरीशी जोडलेला एक नियम घरच्यांनाही माहीत असावा, म्हणून या महिन्यात हा विषय घेत आहोत.

१ एप्रिल २०२३ पासून प्रत्येक कंपनीला, ती छोटी प्रायव्हेट लिमिटेड असली तरी, संगणकावरच्या हिशेबासाठी प्रत्येक नोंदीचा माग ठेवणारे सॉफ्टवेअर वापरावे लागते. यालाच ऑडिट ट्रेल म्हणतात. कोणती नोंद बदलली आणि कोणत्या तारखेला बदलली, हे त्यात आपोआप उतरते. हा माग बंद करता येता कामा नये. तो वर्षभर चालू होता का, त्यात छेडछाड झाली का, हे ऑडिटरला अहवालात लिहावे लागते. एकट्या मालकाच्या दुकानाला किंवा भागीदारी फर्मला हा नियम नाही.

शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये चुकीवर पांढरी शाई लावत नाहीत. एक रेघ मारतात, वर दुरुस्ती लिहितात, मुख्याध्यापकांची सही घेतात. जुना शब्द वाचता येतो. मनाई दुरुस्तीला नाही, लपवण्याला आहे.

लपवल्याने काय होते, हे पीएमसी बँकेच्या खातेदारांना विचारा. ती सहकारी बँक, म्हणून कंपन्यांचा हा नियम तिला नव्हता. पण धडा तोच. एचडीआयएलसह ४४ कर्जखाती झाकण्यासाठी २१ हजारांहून अधिक बनावट खाती दाखवली, असे पोलिसांकडच्या तक्रारीत म्हटले होते. सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले, तेव्हा सहा महिन्यांत फक्त १,००० रुपये काढण्याची मुभा होती. पुढे ही मर्यादा वाढली, पण तोवर कुणाचे लग्न अडले, कुणाचे औषधपाणी.

आता आपल्या मुलीकडे पाहू. अनेक ऑफिसांत एकच लॉगिन तिघे वापरतात. माग नाव दाखवतो ते लॉगिनचे. त्या वेळी कीबोर्डवर कोण होते, हे त्याला कळत नाही. शेठ म्हणतात, "मागच्या तारखेची एन्ट्री टाक." उद्या विचारणा झाली तर नाव मुलीचे निघते. म्हणून तिला तीन गोष्टी सांगाव्यात. लॉगिन स्वतःचे असावे आणि पासवर्ड कुणाला देऊ नये. बदल करायला सांगितले, तर ते ईमेलवर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी मागावे. बदलाचे कारण नोंदीखालच्या नॅरेशनमध्ये लिहावे. मात्र नोंदच खोटी असेल, तर लेखी आदेश असूनही ती करू नये, आणि अशा वेळी "नोकरी सांभाळ" असे घरातून कुणी म्हणू नये.

भिशी, बचत गट, मस्जिद ट्रस्ट यांनाही हीच सवय लागावी. पावत्यांना क्रमांक असावेत आणि रद्द पावती फाडून न टाकता पुस्तकातच ठेवावी.

कुरआनातील सर्वांत दीर्घ आयत, सूरह अल-बकराची २८२वी, उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयीच आहे. लिहिणाऱ्याला आणि साक्षीदाराला त्रास दिला जाऊ नये, अशी ताकीदही तिच्यात आहे. आज आपल्या घरातली हिशेब लिहिणारी मुलगीच तो लिहिणारा आहे. तिच्यावर खोट्या नोंदीचा दबाव आणणाऱ्याने ती ताकीद आठवावी, आणि घरच्यांनी तिच्या पाठीशी उभे राहावे.