फटाके फोडले, पण पोरीला पाठवलं नाही

मैत्रिणींनो, २ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री आमच्या गल्लीत बारा वाजत आले तरी टीव्ही सुरूच होते. दिवसभर कापूस वेचून आलेल्या बायाही जाग्या. एरवी क्रिकेट लागलं की मालिका बुडते म्हणून चिडणाऱ्या शेजारच्या काकू मलाच विचारत होत्या, "काय वो बाई, अजून किती जणी बाद करा लागते?" नवी मुंबईत आपल्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवलं आणि विश्वचषक घेतला.

मग आधी कुणी खेळतच नव्हतं का? तर तसं नाही. २००५ मध्येही आपल्या मुली विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात होत्या. तेव्हा एका सामन्याचे हजार रुपये मिळाले, असं मिताली राजने पुढे सांगितलं. तो सामना किती जणींनी पाहिला असेल? बायकांचं क्रिकेट २००६ मध्ये बीसीसीआयकडे आलं. सामन्याचं मानधन पुरुषांइतकं व्हायला २०२२ उजाडलं. २०२३ मध्ये महिला प्रीमियर लीग आली आणि सांगलीच्या स्मृती मानधनावर ३ कोटी ४० लाखांची बोली लागली. लोक पाहत नाहीत म्हणून दाखवायचं नाही, आणि दाखवत नाहीत म्हणून लोक पाहत नाहीत, असं हे चाललेलं होतं. कुणीतरी आधी पैसा घातला तेव्हा ते सुटलं.

अमेरिकेतही वेगळं नाही बरं का! तिथे बायकांची व्यावसायिक बास्केटबॉल लीग १९९७ पासून खेळली जाते. पण खरी झुंबड उडाली ती २०२४ मध्ये, केटलिन क्लार्क आल्यावर. सगळ्या संघांना प्रवासाला खास विमानं मिळाली तीही त्याच वर्षी.

आपल्याकडे बास्केटबॉलमध्ये पुण्याच्या शिरीन लिमयेने भारताचं कर्णधारपद केलं. तिचं नाव किती घरांत माहीत आहे? कबड्डी तर आपल्या मातीतली. पुरुषांची प्रो कबड्डी २०१४ पासून सुरू आहे. बायकांसाठी २०१६ मध्ये त्याच मंचावर तीन संघ उतरवले, आणि पुढे ते गुंडाळलं.

हे सगळं मला आठवलं ते आमच्या बचत गटातल्या एका बाईच्या लेकीमुळे. पोरगी नववीत, कबड्डीत चपळ. तालुक्याला जिंकली. जिल्ह्याचे सामने बुलडाण्याला, म्हणजे मुक्काम आला. सोबत बाईमाणूस कोणी नाही. मी घरी गेले तर आजी म्हणाली, "पोरीची जात हाय, रातची बाहेर कशी ठेवाव?" चुकीचं तरी कसं म्हणू? माझी मुलगी असती तर मीही आधी हेच विचारलं असतं. पोरीने काही वाद घातला नाही, चुलीपुढे भाकरी थापत राहिली. विश्वचषकाच्या रात्री याच घरासमोर फटाके वाजले.

परवाच्या बैठकीत मी विषय काढला. पुढच्या मोसमात पोरींसोबत गटातली एक बाई जाईल, तिचं भाडं आणि बुडालेली मजुरी गटाच्या शिल्लकेतून द्यायची. दोघींनी सरळ नाही म्हटलं. कर्जालाच पैसे पुरत नाहीत, हे त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. पोरीची आई एवढंच म्हणाली, "मजुरी राहू द्या, भाडं तेवढं द्या. मीच जातो." निर्णय पुढच्या बैठकीवर गेलाय.