शॉकअप मेले तरी गाडी चालते

गेल्या शनिवारी गावी गेलो होतो. गाव भूम तालुक्यात, जिल्हा धाराशिव (२०२३ मध्ये नाव बदललं, पण तोंडात अजून उस्मानाबादच येतं). अण्णांचा उजवा कोपर सोललेला दिसला. विचारलं तर म्हणाले, "काही नाही रे, गतिरोधकावर गाडी जरा उडाली." आईने खरी गोष्ट सांगितली. डेअरीला दूध घालायला जाताना गाडी घसरली आणि एक कॅन अख्खा रस्त्यावर सांडला.

गाडी स्प्लेंडर. दोन्ही बाजूंना चाळीस लिटरचे कॅन. म्हणजे नुसतं दूधच ऐंशी किलोच्या वर, शिवाय कॅनचं वजन, वर अण्णा. आणि दूध गप्प बसत नाही, कॅनमध्ये हिंदकळतं.

मी गाडी मधल्या स्टँडवरून उतरवली, मागची सीट दोन्ही हातांनी दाबली आणि सोडली. धड शॉकअप असेल तर सीट एकदा वर येऊन थांबते. ही तीन-चार वेळा झुलली. डाव्या शॉकअपवर तेल ओघळून त्यावर धूळ बसली होती, चांगली काळी पपडी. कधीची कोण जाणे!

आता इथे माझं मत. आपल्याकडे ब्रेक लायनर बदलतात, चेन-स्प्रॉकेट बदलतात, टायर गुळगुळीत झाल्यावर का होईना बदलतात. शॉकअप मात्र गाडीबरोबर जन्माला आले आणि गाडीबरोबरच जाणार, अशी समजूत आहे. कारण सोपं आहे. ब्रेक गेला तर कळतं, चेन तुटली तर गाडी थांबते. शॉकअप मेला तरी गाडी चालते. रोज थोडं थोडं बिघडत जातं आणि आपण त्याची सवय करून घेतो. आमच्या धंद्यात याला मेमरी लीक म्हणतात. सर्व्हर चालू असतो, म्हणून कोणी बघत नाही.

लोकांना वाटतं शॉकअप म्हणजे स्प्रिंग. स्प्रिंगचं काम फक्त वजन पेलायचं. ती दाबली की तेवढ्याच जोराने परत उसळणार, तिचा स्वभावच तो. ही उसळी मारायचं काम आतल्या नळीतलं तेल करतं. पिस्टन वरखाली होताना तेल बारीक भोकांतून ढकललं जातं आणि धक्क्याची ताकद उष्णतेत निघून जाते. सील गेलं, तेल गळालं, की उरते नुसती उसळणारी स्प्रिंग. मग खड्ड्यानंतर चाक टप्पे खातं. चाक जमिनीवर नसेल त्या क्षणी ब्रेक दाबून काय उपयोग? अण्णांचं नेमकं तेच झालं असणार. म्हणजे हा पाठीच्या आरामाचा प्रश्न नाहीच (पाठीचा आहेच, पण तो नंतर), हा ब्रेकचा प्रश्न आहे.

आणि यावर सर्रास केला जाणारा उपाय कोणता? "कडक करून देतो." खालची खाचांची कडी पान्ह्याने फिरवायची, शेवटच्या खाचेवर न्यायची. अण्णांची गाडी आधीपासूनच शेवटच्या खाचेवर होती! त्याने स्प्रिंग जास्त दाबून बसते, गाडी मागून उंच वाटते, गिऱ्हाईक खूश. पण तेल काही परत येत नाही. चांगल्या शॉकअपवर दुधाचे कॅन लादताना ही कडी फिरवणं बरोबरच आहे, ती त्यासाठीच दिलीय. मेलेल्यावर फिरवणं म्हणजे बग तसाच ठेवून एरर मेसेज लपवणं.

"रिपेर करून घे की, नवे कशाला?" हे अण्णांचं. स्वस्तात सील-तेल बदलून देतात, खरं आहे. पण या गाड्यांचे शॉकअप मुळात उघडायला बनवलेलेच नसतात. कापून, वेल्डिंग मारून परत जोडलेल्या नळीवर मी माझ्या बापाला आणि ऐंशी लिटर दुधाला बसवणार नाही. नवी जोडी कमरेच्या एका एमआरआयपेक्षा स्वस्त येते. जोडीच घ्यायची बरं का. एक नवा एक जुना ठेवला तर दोन्ही बाजू वेगळं वागतात, चिमटा पिळला जातो.

गंमत म्हणजे एन्ड्युरन्ससारखी शॉकअप बनवणारी कंपनी आपल्याच मराठवाड्यात, वाळूजला आहे. आणि तरी आमच्याकडे शॉकअपची चौकशी केली की दुकानदार आधी विचारतो, "वाकला काय?" असो.

रविवारी सकाळी अंगणातच बसवले. साडीगार्ड आणि कॅरियर सोडवायला जास्त वेळ गेला, बोल्ट गंजलेले. एका वेळी एकच बाजू काढली, म्हणजे चिमटा खाली पडत नाही. भोकं जुळेनात तेव्हा चाकाखाली लाकडाची फळी सरकवली. नवे रबरी बुश, वॉशर जागच्या जागी, नट घट्ट. तासाभराचं काम, त्यात दोनदा चहा.

अण्णा एक चक्कर मारून आले. म्हणाले, "गाडी जड झाल्यासारखी वाटतीया." वर्षानुवर्षं झुलणाऱ्या गाडीवर बसलेल्या माणसाला तसंच वाटणार. जुनी जोडी त्यांनी टाकू दिली नाही, गोठ्यात खुंटीला टांगून ठेवलीय.