पंधरा तालुके, उरलं एकटं कळवण

आज थोडा वेगळा विषय. नेहमीसारखं रस्ते, पाणी, नगरपालिका नाही. पण शेवटपर्यंत वाचा, कारण हासुद्धा सार्वजनिक मालमत्तेचाच प्रश्न आहे.

गेल्या उन्हाळ्यात मी पायथॉन शिकायला घेतलं. वय चाळिशीच्या पुढे, शिक्षण पत्रकारितेचा डिप्लोमा, गणिताशी फारकत दहावीनंतर. कारण साधं होतं. जिल्ह्यातल्या टँकरचे आकडे रोज व्हॉट्सअ‍ॅपवर यायचे, कुणी मराठी अंकांत लिहायचं, कुणी इंग्रजी अंकांत, आणि बेरीज करता करता रात्रीचे अकरा वाजायचे. डिप्लोमा करणारा पुतण्या म्हणाला, "काका, हे पायथॉनमध्ये दहा ओळींचं काम आहे." त्याच्या दहा ओळींचे माझे पंधरा दिवस झाले. पण शिकलो.

पंधरापैकी निम्मे दिवस गेले ते पायथॉनमुळे नाही, त्याच्या अधिकृत माहितीच्या मांडणीमुळे. आजची पोस्ट त्यावर आहे.

पायथॉन ही गुइडो व्हान रॉसम यांनी बनवलेली भाषा. १९९१ मध्ये ती पहिल्यांदा लोकांसमोर आली. सगळं फुकट, माहितीसुद्धा. त्या माहितीत एक पान आहे, 'बिल्ट-इन टाइप्स'चं, म्हणजे भाषेत आधीपासून तयार असलेल्या डेटाच्या प्रकारांचं. आकडे, लिस्ट, टपल, स्ट्रिंग म्हणजे मजकूर, बाइट्स, सेट, डिक्शनरी, सगळं या एकाच पानावर. खाली सरकवत राहा, संपत नाही. एकट्या स्ट्रिंगच्याच चाळीसहून जास्त मेथड आहेत.

मला लिस्टमध्ये एक नाव जोडायचं होतं. त्यासाठी 'अपेंड' वापरतात हे पुतण्याने सांगितलेलं. नीट वाचून घ्यावं म्हणून त्या पानावर 'लिस्ट'चा विभाग काढला. अपेंड नाही. इन्सर्ट नाही, पॉप नाही, रिमूव्ह नाही. फक्त एक मेथड सविस्तर दिलेली, सॉर्ट. आणि वर एक वाक्य, की मालिकांच्या सर्वसाधारण आणि बदलता येणाऱ्या मालिकांच्या सर्व क्रिया लिस्टला लागू आहेत.

मला वाटलं माझंच काहीतरी चुकतंय. अपेंड सापडलं, पण वर, 'बदलता येणाऱ्या मालिका' या मथळ्याखाली. आणि तिथे अपेंड म्हणजे काय, ते कसं समजावलंय? मालिकेच्या लांबीपासून लांबीपर्यंतचा जो तुकडा, त्याच्या जागी एका घटकाची लिस्ट ठेवणं, ते आणि हे सारखंच! अहो, शेवटी एक नाव जोडायचंय. ज्याला ते तुकड्याचं गणित कळतं, त्याला अपेंड विचारायची गरजच काय?

या मांडणीमागे विचार आहे, हे आधी कबूल करतो. लिस्ट, टपल, रेंज, स्ट्रिंग, बाइट्स या सगळ्या मालिकाच. लांबी मोजणं, एखादा घटक आत आहे का पाहणं, तुकडा काढणं या क्रिया सगळ्यांना सारख्या. मग त्या एकदाच लिहा, सगळीकडे लागू म्हणा. हुशार माणसाला हे आवडतं, कारण त्यात भाषेचा सांगाडा दिसतो. एकदा कळलं की पाच गोष्टी एकदम कळतात.

पण संदर्भाचं पान सांगाडा दाखवायला नसतं. आपल्या एसटी स्टँडवरचा फलक आठवा. वेळापत्रक डेपोच्या सोयीने, मार्गाप्रमाणे लावलेलं. प्रवासी शोधतो आपल्या गावाचं नाव. ते मधल्या थांब्यांमध्ये कुठेतरी बारीक अक्षरात. शेवटी म्हातारी बाई खिडकीशी जाऊन विचारते, "भाऊ, आमची गाडी किती वाजता?" फलकावर चूक काहीच नसते, पण त्या बाईला तो उपयोगाचा नसतो.

यात गंमत अशी की खुद्द पायथॉन असं वागत नाही. संगणकावर पायथॉन उघडून 'हेल्प' आणि कंसात लिस्ट एवढं विचारा, तो लिस्टच्या सगळ्या मेथड एका जागी ओळीने सांगतो. म्हणजे भाषेला माहीत आहे की माणूस लिस्टबद्दल विचारतो तेव्हा त्याला लिस्टबद्दल सगळं हवं असतं. अधिकृत पान तेवढं समजून घेत नाही.

"मग ट्युटोरियल वाचा की," असं कुणी म्हणेल. बरोबर, त्याच्या पाचव्या प्रकरणात लिस्टच्या मेथड नीट दिल्यात. पण स्ट्रिंगची तशी पूर्ण यादी तिथे नाही. आणि शिकवणी वेगळी, संदर्भ वेगळा. डॅनिएले प्रोचिडा यांनी डायटॅक्सिस नावाची एक रीत मांडली आहे. तिच्यात माहितीचे चार प्रकार केलेत: शिकवणी, एखादं काम कसं करावं याची कृती, संदर्भ आणि स्पष्टीकरण. मला ते लगेच पटलं. बातमी, अग्रलेख आणि जाहीर सूचना आपण एकाच रकान्यात कोंबत नाही. त्या लांबलचक पानावर नेमकं तेच झालंय. संदर्भात मध्येच स्पष्टीकरण, त्यातच जुन्या पद्धतीच्या फॉरमॅटिंगचा आख्खा विभाग.

आता मुख्य किस्सा. हा आपल्या मराठीचा आहे.

टँकरच्या आकड्यांत कचरा फार यायचा. तालुक्याच्या नावाच्या जागी फोन नंबर, टिंबं, हात जोडलेली चित्रं. मी म्हटलं, ज्या ओळीत नाव फक्त अक्षरांचं आहे तेवढीच ठेवू. स्ट्रिंगच्या मेथडमध्ये 'इजअल्फा' दिसली. सगळी अक्षरं असतील तर 'हो', नाहीतर 'नाही'. लावली.

नाशिक जिल्ह्याचे पंधरा तालुके. चाळणीतून किती उरले? एक. कळवण.

निफाड गेलं, येवला गेलं, सिन्नर गेलं, मालेगाव, इगतपुरी, दिंडोरी, त्र्यंबकेश्वर, खुद्द नाशिकसुद्धा गेलं. दोन अक्षरी पेठही गेलं. एकटं कळवण उभं. मी बराच वेळ स्क्रीनकडे बघत बसलो. मग डोक्यात प्रकाश पडला. कळवणमध्ये काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार काहीच नाही. बाकी चौदांत काही ना काही आहे.

पायथॉन मजकूर मोजतो तो युनिकोडच्या एकेका चिन्हाने. आपण 'मराठी' म्हणजे तीन अक्षरं म्हणतो, म-रा-ठी. पायथॉन म्हणतो पाच, कारण काना आणि वेलांटी वेगळे. तोच शब्द यूटीएफ-८ मध्ये बाइट्समध्ये बदलला तर होतात पंधरा. आणि इजअल्फाच्या लेखी काना हे 'अक्षर' नाही, कारण युनिकोडच्या वर्गवारीत तो 'खूण' या गटात मोडतो. हे पानावर लिहिलंय का? लिहिलंय. युनिकोडचे वर्ग सांगितलेत, अमुक व्याख्येपेक्षा ही वेगळी असंही म्हटलंय. पण एका दमात, इंग्रजी तांत्रिक भाषेत, अकारविल्हे लावलेल्या चाळीसेक मेथडच्या गर्दीत. ज्याची भाषा काना-मात्रेवर चालते त्याच्यासाठी तिथे उदाहरण नाही.

उलटंही झालं, तेही सांगतो. '४५' असं मराठी अंकांत लिहिलेलं पायथॉनने सरळ पंचेचाळीस म्हणून घेतलं, मला काही करावं लागलं नाही. एवढी चांगली गोष्ट! ती कुठे लिहिलीय? आकड्यांच्या कोष्टकाखालच्या तळटीपेत. आपल्यासाठी ती मथळ्याची बातमी, आणि ती तळाला.

कुणी म्हणेल, एका पत्रकाराची करमणूक झाली, सोडा. पण हीच मेथड वापरून कुणी अर्ज भरायचा फॉर्म बनवला, की 'नावात फक्त अक्षरं हवीत', तर काय होईल? 'सुनीता' नाकारली जाईल आणि बिचारी म्हणेल, मला संगणक येत नाही. फॉर्म बनवणारा पोरगा वाईट नाही, त्याने पान घाईत वाचलं. आज सीबीएसईच्या अकरावी-बारावीच्या कॉम्प्युटर सायन्सला पायथॉन आहे, पॉलिटेक्निकमध्ये आहे. आपल्या गावातली पोरं हे शिकताहेत. क्लासची फी परवडते त्याला विचारायला सर असतात. ज्याला परवडत नाही त्याला ते फुकटचं अधिकृत पान हेच सर. ते पान पहिल्याच भेटीत 'वर बघ, खाली बघ' करायला लागलं, तर पोरगं व्हिडिओकडे नाहीतर चॅटबॉटकडे जातं. तिथे खरंखोटं मिसळलेलं असतं. चुकलं की ताडून बघायला मूळ जागा लागते, आणि त्या जागेची सवयच लागलेली नसते.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. त्या पानाची फोड करा. लिस्टचं पान वेगळं, स्ट्रिंगचं वेगळं, डिक्शनरीचं वेगळं. प्रत्येक पानावर त्या प्रकाराच्या सगळ्या मेथड, मग काही मजकूर दोनदा आला तरी चालेल. लिस्टच्या पानावर अपेंड असलंच पाहिजे. सॉर्टचं बघा, ते लिस्टखालीच आहे, आणि ते जागेवरच क्रम लावतं, नवी लिस्ट परत देत नाही, हेही तिथेच कारणासकट सांगितलंय. मी ती चूक केली तेव्हा उत्तर दोन मिनिटांत मिळालं. योग्य जागी लिहिलं की काम होतं, याचा पुरावा त्याच पानावर आहे.

विरोध करणाऱ्यांचे दोन मुद्दे मात्र वजनदार आहेत.

एक, पत्ते. गेल्या कित्येक वर्षांत पुस्तकांनी, शिक्षकांनी, हजारो उत्तरांनी त्या पानावरच्या नेमक्या जागेचे दुवे दिलेत. अशा दुव्यात शेवटी एक खूण असते, चौकटीसारख्या चिन्हानंतरची. ती खूण सर्व्हरपर्यंत जातच नाही, ब्राउझर ती स्वतःजवळ ठेवतो. म्हणजे पोस्टमनला वाड्याचा पत्ता कळतो, खोली कळत नाही. वाडा पाडून वेगवेगळी घरं बांधली, तर कोणतं पत्र कोणत्या घरी न्यायचं हे त्याला सांगता येणार नाही. यावर उपाय एकच, जुना वाडा पाडू नका. जुनं पान ठेवा, जुन्या खुणा ठेवा, आणि प्रत्येक खुणेपाशी 'हे आता इथे आहे' अशी पाटी लावा.

दोन, अनुवादक. जपानी, कोरियन, फ्रेंच अशा भाषांत लोकांनी ही माहिती कष्टाने नेली आहे. अनुवादाच्या फायली मूळ पानांप्रमाणे असतात. पान फोडलं की त्यांनाही त्यांचं काम हलवावं लागणार. तेव्हा एका रात्रीत सगळं उलटंपालटं नको. आधी लिस्ट करा. लोक कसे वापरतात बघा. मग स्ट्रिंग.

'एकच गोष्ट दोन ठिकाणी लिहिली की कालांतराने दोन्हीत फरक पडतो' हाही एक आक्षेप आहे. खरा आहे. पण तो सांभाळण्याचा त्रास लिहिणाऱ्यांनी घ्यायचा, की शोधणाऱ्याने रोज घ्यायचा? लिहिणारे थोडे, शोधणारे जगभर. माझं मत शोधणाऱ्याच्या बाजूने.

शेवटचं. हे काम करणारे बरेचसे स्वयंसेवक आहेत, त्यांना शिव्या घालायला ही पोस्ट नाही. त्या प्रत्येक पानाच्या कडेला चूक कळवायची सोय आहे. आपल्याकडच्या मास्तरांनी आणि पोरांनी ती वापरावी. इंग्रजी मोडकं असलं तरी चालेल. 'मी लिस्टमध्ये अपेंड शोधलं, सापडलं नाही' एवढं एक वाक्य पुरे. ज्यांना सगळं येतं त्यांना ही अडचण दिसतच नाही, ती नवख्यालाच दिसते.

मी माझा किस्सा कळवला आहे. पंधरा तालुक्यांची यादीही जोडली आहे. बेरीज आता वेळेत होते, आणि चौदाही तालुके परत आलेत.